स्वस्तातला पलंग

डेलबर्ट ग्रूबे हा माणूस आयुष्यात एकदाही सरळ रस्त्यानं कुठं गेला नाही. सरळ रस्त्याला पूर्ण भाव पडतो, आणि पूर्ण भाव मोजणं म्हणजे आपण मूर्ख आहोत असं जगाला लिहून देणं, अशी त्याची पक्की समजूत. चाळीस वर्षं त्यानं चीजच्या कारखान्यात वजनं तपासली. निवृत्त झाल्यावर दुसरं वजन करायला मिळेना, तेव्हा तो विमानांच्या मागं लागला. न्याहारी आटोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि अमेरिकेतून जर्मनीला जाणाऱ्या विमानांचे भाव बघत बसायचं. तेही साध्या जागांचे नव्हेत. बिझनेस क्लासचे, जिथं खुर्चीचा पलंग होतो आणि जेवण चिनी मातीच्या ताटलीत येतं.

अशा पलंगावर तो तीनदा झोपला होता, आणि तिन्ही झोपा गावाला तोंडपाठ होत्या. विमानात फुकट मिळालेले पायमोजे नि दात घासायच्या ब्रशांच्या थैल्या त्यानं नाताळात पुतण्यांना भेट म्हणून वाटल्या होत्या. वर रिबीन बांधून.

आमच्या विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी सारा गाव तळलेला मासा खायला गुत्त्यात जमतो. तिथं मर्लिन बुबोल्झ त्याची वाटच बघत असायचा.

"काय डेल, या खेपेला कुठून गेलास? उत्तर ध्रुवावरून?"

"हसा लेको. तुम्ही मान मोडून पोचता, मी झोप काढून पोचतो."

"दोन दिवस आधी घर सोडतोस, झोप येणारच की!"

लोक हसायचे. डेलला वाटायचं, जळतात. अडाणी माणसाला हसणं कळतं तरी. अर्धवट शहाण्याला तेही कळत नाही.

हे सगळं गावानं करमणूक म्हणून सोडून दिलं असतं. पण मार्च महिन्यात त्याच्या आईला, एल्फ्रीडेला, जर्मनीहून फोन आला. एल्फ्रीडे वीस वर्षांची असताना लग्न होऊन इकडं आली; आता तिला शहाऐंशी चालू होतं. पलीकडं होल्स्टाइनमध्ये तिची एकच बहीण उरली होती, गेर्लिंडे, पाच वर्षांनी थोरली.

"फ्रीडे," बहीण म्हणाली, "चेरी पिकतील तोवर मी आहे. पुढचं डॉक्टरही बोलत नाही. येतेस ना?"

"येते, ताई."

अडचण एकच होती. एल्फ्रीडेच्या खुब्यात लोखंडी सळई बसवलेली. दोन तासांवर बसलं की पाय पेटायचा. आडवं पडता येईल असंच विमान हवं, डॉक्टरनं बजावलं होतं. आणि असं विमान धुंडाळणारा पंडित तर घरातच.

"तू काही विकत घेऊ नकोस, आई," डेल म्हणाला. "मी आहे ना. भाव उतरला की घेतो."

एप्रिलात भाव उतरला. डेल म्हणाला, अजून उतरेल. मग तो चढला. मे महिन्यात आई रोज सकाळी त्याच्या खुर्चीमागं काठी टेकून उभी राहायची.

"मिळालं का रे?"

"बाजाराला आपली गरज कळू द्यायची नसते, आई."

"बाजाराला नको कळू देऊ. पण तुला कळलीय का?"

बाहेर बर्फ वितळून ओढे भरून वाहिले, रानात पांढरी फुलं आली, सुकलीही. पलीकडं चेरी मोहरून गेली असणार. गेर्लिंडेचा फोनवरचा आवाज दर रविवारी थोडा थोडा बारीक होत होता, दूर जाणाऱ्या गाडीच्या दिव्यासारखा. डेल आकड्यांकडं बघत होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यानं टेबलावर थाप मारली. "सापडलं! निम्म्या भावात! दोघांचंही!"

"कुठून?"

"मॉन्ट्रियलहून."

एल्फ्रीडेनं चष्मा काढला. "ते कॅनडात आहे."

"भाव तिथलाच आहे. आपण गाडीनं जाऊ. सोळा-सतरा तास."

विमानात आठ तास बसवत नाही, म्हणून पलंग हवा. आणि पलंग स्वस्त पडावा, म्हणून म्हातारीनं सोळा तास गाडीत बसायचं. हा हिशेब गुत्त्यातल्या सगळ्यांत दारुड्या माणसालाही सुटला असता. पण डेलनं जाण्या-येण्याची तिकिटं काढून टाकली होती, परत न करता येणारी. एल्फ्रीडेनं पासपोर्ट घेतला, बहिणीसाठी विणलेली शाल घेतली, आणि कपाटातली आपली काळी पर्सही घेतली.

आता परमेश्वराची गंमत बघा. आमच्याकडून मॉन्ट्रियलला जायचं तर मिशिगन सरोवराला वळसा घालावा लागतो, आणि तो रस्ता जातो शिकागोच्या विमानतळाला खेटून. जिथून रोज संध्याकाळी जर्मनीची विमानं उडतात, तिथूनच.

तिथं पोचेपर्यंत अडीच तास झाले होते. एल्फ्रीडेचे ओठ पांढरे पडले होते, दोन्ही हातांनी तिनं मांडी आवळून धरली होती. डोक्यावरून एक भलंमोठं विमान पोट दाखवत उतरलं.

"गाडी वळव."

"आई, अजून आपण—"

"वळव म्हणते ना! की मी चालत्या गाडीतून उतरू?"

त्यानं वळवली. जन्मभर त्या आवाजात ती फक्त गोठ्यातल्या गाईंशी बोलली होती. विमानतळावरच्या खिडकीपाशी तिनं त्या रात्रीचं, हाम्बुर्गपर्यंतचं, बिझनेस क्लासचं, नुसतं जाण्याचं तिकीट मागितलं. खिडकीमागच्या मुलीनं आकडा सांगितला तशी डेलच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई, हा पूर्ण भाव आहे!"

"असू दे."

"कुठून आणणारेस एवढे?"

"माझ्या दफनासाठी बाजूला ठेवलेत, त्यातून. मेल्यावर आडवं निजायला पैसे साठवलेत मी. जिवंतपणीच निजते."

"आणि मेल्यावर?"

"तेव्हा तू शोध काहीतरी. स्वस्तात."

खिडकीमागची मुलगी खाली मान घालून कागद चाळू लागली.

शहाण्यानं तिथंच हात टेकले असते. डेल मात्र एकटा मॉन्ट्रियलला गेला. पैसे भरले होते ना! चौदा तास गाडी हाकून त्यानं पलंग गाठला आणि शेजारच्या रिकाम्या पलंगाकडं बघत महासागर ओलांडला. एकाची दोन जेवणं मिळतील का, हेही त्यानं विचारलं म्हणतात. मिळाली नाहीत.

दोन दिवसांनी तो होल्स्टाइनला पोचला तेव्हा परसातल्या झाडावर चेरी लाल व्हायला लागल्या होत्या. दार एल्फ्रीडेनं उघडलं.

"हळू ये. ताई आत्ताच जेवलीय."

"जेवते ती?"

"काल नव्हती जेवत. आज दोन चमचे सूप घेतलं, वर मला म्हणाली, मीठ कमी आहे."

डेल स्वयंपाकघरात बसला आणि सवयीनं त्यानं लॅपटॉप उघडला. मग त्याचा चेहरा पडला. मॉन्ट्रियलच्या विमानात आई चढली नव्हती, म्हणून तिचं परतीचं तिकीटही कंपनीनं रद्द करून टाकलं होतं. आतल्या खोलीत दोन म्हाताऱ्या लहानपणीच्या गावाकडच्या बोलीत कुणाची तरी नक्कल करून खिदळत होत्या.

"आई," तो दारात येऊन कुजबुजला, "तुझं परतीचं तिकीट गेलं. पण घाबरू नकोस, मी स्वस्तातलं शोधतो."

एल्फ्रीडेनं बहिणीचा हात सोडला नाही, मानही वळवली नाही.

"शोध हं. नीट शोध," ती म्हणाली. "भाव अजून उतरेल."