मावशीचं रडणं आणि शिरस्तेदाराचं इंग्रजी

हाउल हे क्रियापद मी जानेफळच्या शाळेत पोरांना शिकवत असे. रानात कोल्हे करतात ते हाउल. पोरं लगेच तोंडं वर करून कोल्हेकुई करायची. माणसालाही हा शब्द लावतात असं पुस्तकात होतं. तेवढं सांगून मी पुढे जायचो. तो माझ्या मावशीला लावला गेला, तेव्हा मात्र अंगाचा तिळपापड झाला.

मावशीची लेक बाळंतपणात तापानं गेली. सासर गावातलंच, पाटलाचं घर. मावशी आपल्या अंगणात बसून रडत होती, आणि आमच्याकडे बाया नुसत्या रडत नाहीत, सांगून रडतात.

"दारात बैलाची दमणी उभी होती वं माय, मेहकरले दवाखाना होता वं माय, तुले कोनी नेलं नाई वं! तुही पोरगीबी तापानं फणफणली वं, तिले तरी मह्या ओटीत द्या वं!"

शेजारच्या आमराईत दौऱ्यावरच्या गोऱ्या साहेबाचा तंबू होता. साहेबानं केलेली शाळेची तपासणी आटोपल्यावर मी तिथे उभा होतो, पाटीलही होता. साहेबानं विचारलं, हा आवाज कसला? त्याच्या कचेरीचा वरचा कारकून, शिरस्तेदार, आपलाच मराठी माणूस. शब्द न् शब्द त्याला कळला होता.

"सर, विमेन हाउल," तो म्हणाला.

साहेबाला मराठी येत नव्हतं, त्याला काय बोल लावायचा? पण ह्या मेल्याला? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, बाई तक्रार सांगते आहे, आजारी नात मागते आहे. साहेब भला होता. मावशीला बोलावून म्हणाला, रडू नका, शांतपणे सांगा.

तिथेच घात झाला. रडता रडता बाईनं व्याह्याचे वाभाडे काढले तरी गाव चालवून घेतं. कोरड्या डोळ्यांनी तेच बोलली तर ती बेशरम. हा कायदा कुणा साहेबाचा नाही, आमचाच. मावशीनं डोळे पुसले, तर समोर पाटील. तिनं पदर पुढे ओढला.

"काई नाई सायेब. लेक आठोते म्हनून रडून राह्यली."

"मावशी, नातीचं सांग न!"

"चूप बस बाबू."

शिरस्तेदार गालातल्या गालात हसला. दुसऱ्या दिवशी तंबू उठले.

नात त्याच घरात राहिली आणि शिमग्याआधी तीही तापानं गेली. मावशी पाटलाच्याच अंगणात बसून रडली. दमणी, दवाखाना, सगळं त्याच्या नावानिशी सांगून रडली. पाटील समोर बसून मान डोलावत ऐकत होता.