सुषमाची नोकरी आन धाकट्याची नाळ

आन बायांनो, आदी कोण टपकलं असंल? शेजारची गयाबाईच! तिला पेढ्याचा वास चार घरांवरून येतो.

जीपमधून माझी नात सुषमा आन तिच्या मोठ्या मॅडम उतरल्या. सुषमाला पुण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. मला तर आभाळ ठेंगणं झालं!

"काम काय गं करतीस?" गयाबाईनं विचारलं.

"बाळंतिणीला विचारून नाळेतलं रक्त घ्यायचं. त्यातल्या पेशींनी रक्ताचा आजार झालेलं लेकरू कधीकधी बरं होतं. सख्ख्या भावाच्या नाळेचं तर लय कामी येतं."

"अगं बया! आमी तर नाळ न्हाणीपाशी पुरतो!"

माझा पेढा हातातच राहिला. नामांतरावरून दंगल झाली त्या साली माझा थोरला रक्ताच्याच आजारानं गेला. तो अंथरुणावर असतानाच धाकटा झाला, सुषमाचा बाप. त्याची नाळ सुईणीनं न्हाणीपाशी पुरली.

"आजी, तवा हे कुणालाच येत नव्हतं," सुषमा रडत रडत म्हणाली.

खरं हाय. तरी सांजेपस्तोर मी न्हाणीपाशीच बसून होते.

नाळ पुरायच्या आदी तिच्यातलं रक्त द्या, हे गावातल्या पोटुशा बायांना मीच सांगावं, असं मॅडम म्हणतात. कुणाची सून पोटुशी हाय? आणताल का तिला? मला न रडता सांगता येईल का, ठाव न्हाई. मॅडम ऐतवारी परत यायल्यात.