निखळत्या हाताची खुर्ची

एका बिल्डरशी टाइल्सच्या भावावरून हुज्जत चालली होती, तेवढ्यात वैशालीचा फोन आला. "पप्पा... गायधनी सर गेले." बिल्डर म्हणाला त्या भावाला मी मान डोलावली. असं माझ्या हातून कधी होत नाही. पाच-सहा आठवडे झाले, अजून मन ताळ्यावर नाही. एक कारण सांगतो, सरांवरचा माझा राग फिटायचा होता.

नळाचे सुटे भाग हातगाडीवर विकत मी टाइल्सच्या दुकानापर्यंत आलो. मुलीला फायनान्सच्या पदवीला घालताना तिथं शिकवणाऱ्या गायधनी सरांना सरळ विचारलं, "फी भरतो, पण तीन वर्षांनी माल काय मिळणार?" सर हसले नाहीत. म्हणाले, "ताळेबंद वाचता येईल. धोका ओळखता येईल. आणि ज्याचा पैसा आहे त्याला, कारण देऊन, तोंडावर नाही म्हणता येईल."

"पहिली दोन द्या, तिसरं नको. तेवढी फी कमी करा."

"सुटं विकत नाही," सर म्हणाले.

तिसऱ्या वर्षाला सरांची एक वेगळीच परीक्षा असे. घरून आणलेली वेताची खुर्ची वर्गात ठेवायची, तीवर गावातला एखादा धंदेवाला बसवायचा, त्यानं आपला बेत मांडायचा आणि मुलांनी पैसे लावायचे की नाही ते सांगायचं. त्या वर्षी मला बोलावलं. गंगापूर रोडवर शोरूम काढायचं माझं पक्कं ठरलं होतं, जागाही पाहिली होती. मी ऐटीत बोललो. उत्तर द्यायला उभी राहिली माझीच पोरगी. "पप्पा, जुन्या दुकानाच्या जिवावर नवं उभं करताय. सहा महिने गिऱ्हाईक आलं नाही तर दोन्ही जातील. माझं उत्तर नाही." मी खुर्चीचा हात असा आवळला की तो निखळून माझ्या मुठीत आला. वर्ग खदखदून हसला. मी तसाच तरातरा निघालो, तर सर फाटकापर्यंत मागे आले. वाटलं, माफी मागतील. म्हणाले, "शेठ, तेवढा हात ठेवून जा. पुढच्याला लागेल."

शोरूम राहूनच गेलं. पुढे त्याच जागेवर दुसऱ्यानं काढलं आणि ते झकास चाललं! मी सरांना गाठलं. "बघितलं? तुमची विद्यार्थिनी चुकली."

"मग तिच्याशी पुन्हा भांडा," सर म्हणाले. "ती नेहमी बरोबर ठरेल असं मी कुठं म्हणालो होतो? कारण देईल, एवढंच म्हणालो होतो."

तेव्हापासून वैशाली नि मी एकाच गल्ल्यावर बसून भांडतो. दुकान दुप्पट झालंय. तरी सांगतो, सरांनी एकदा तरी "चुकलं" म्हणायला हवं होतं...

परवा कॉलेजातून बोलावणं आलं. सर नाहीत, परीक्षा आहे. खुर्ची तीच, हात तसाच डुगडुगता. हरसूलला शाखा काढायचा बेत मी मांडला. त्याच भागातली, पेठकडची एक मुलगी उठली. "काका, तिथं टाइल्स घेणार कोण? आमच्याकडं निम्मी घरं अजून सारवतात. माझं उत्तर नाय."

मूठ आवळली, हात निखळला. माझ्यासोबत आलेली वैशाली मागच्या बाकावर सगळ्यांच्या आधी हसली. मी तो हात खोबणीत नीट बसवला, वर थाप मारली.

"एवढ्यानं नाही भागायचं," मी त्या मुलीला म्हटलं. "बस इथं समोर. अजून कारणं सांग."