त्राटिकेचा गाल

आमचा ढवळू म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. खोडाळ्याजवळच्या पाड्यावर राहतो, भात-नागली करतो आणि पीक घरात आलं की वसईला फर्निचरच्या कारखान्यात मजुरीला जातो. दिसायला असा की जत्रेत हरवला तर कुणी शोधायला जाणार नाही. पण हात बघा त्याचे.

यंदा बोहाड्याच्या, म्हणजे आमच्या मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाच्या, आधी त्राटिकेचा मुखवटा बाहेर काढला, तर वाळवीनं आतून खाल्लेला. नवा कोरायला तेवढं जाड खोड आणायचं कुठून? ढवळू म्हणाला, सावरीच्या फळ्या उभ्या-आडव्या एकावर एक चिकटवून ठोकळा करतो, कारखान्यात तसंच करतात. मुखवटे सांभाळणाऱ्या देवरामबाबांनी नाक मुरडलं. जोडलेलं लाकूड नाचताना सुटलं तर गावाचं हसं होईल म्हणाले. त्यांनी अट घातली, आधी मी हात फिरवून बघणार, मनाला पटलं तरच रंग लावायचा, नाहीतर शहरातून कागदाचा मुखवटा आणू. त्राटिका कोरायचा मान ढवळूच्या आज्यापासून त्यांच्या घरात. कागद आला की तो मान गेला.

छिन्नीनं नाकडोळे निघाले. गाल गोल करायला लाकडाची कानस हवी, म्हणजे अंगभर दात असलेली लोखंडी पट्टी. जव्हारच्या बाजारात मी सोबत होते. गडी दुकानात एकेक कानस नखावर घासून बघतोय, आम्ही विळा घेतो ना, तसा. नखाला सगळ्यात जास्त चावली ती घेतली.

घरी येऊन गालावर फिरवली, तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा फळीचा पदर उचलून आला.

"ढवळ्या," मी म्हटलं, "बाईला गाल करतोस का ओरबाडतोस?"

तो हसला नाही. त्याची बायको जयवंती मला डोळ्यांनीच गप्प करत होती.

मग त्याच्या ध्यानात आलं. एका फळीचे रेशे उभे, खालचीचे आडवे, मोठा दात त्यात अडकला की ओढूनच काढणार. विळ्याची पारख इथं कामाची नव्हती. दुसऱ्या दिवशी चिकटवलेल्या लाकडाचा उरलेला तुकडा पिशवीत घालून आम्ही परत जव्हारला. दुकानदार कुरकुरला, कानस काय आंबा आहे का चाखून घ्यायला. मी तिथल्या स्टुलावर ठाण मांडलं आणि त्याच्या सासुरवाडीपासून चौकशी सुरू केली. तेवढ्यात ढवळूच्या सगळ्या कानशी घासून झाल्या. त्यानं निवडली ती बारीक, विखुरलेल्या दातांची, एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर. ती कडेकडून आत ढकलायची, बाहेर ओढायची नाही. फाटलेला गाल झाकायला दोन्ही गाल आत घ्यावे लागले. आमची त्राटिका हडकुळी झाली, पण दिसायला आणखी भयंकर.

देवरामबाबा आले. डोळे मिटून गालावर अंगठा फिरवला, कपाळावर, परत गालावर. जोड हाताला लागेना. मग मुखवटा त्यांनी स्वतःच्याच तोंडाला लावला आणि मान जोरजोरात झटकली. खाली ठेवून जयवंतीकडे कुंकू मागितलं.

"तुझ्या आज्याची जड होती रे," ढवळूला म्हणाले. "ही नाचेल."

बोहाड्यात त्राटिका आली तशी पुढं बसलेली पोरं आयांच्या पदरात शिरली. शेजारी बसलेल्या बाईला मी सांगितलं, माझ्या भाच्यानं केलीय. ती म्हणाली, मावशी, मघाशीच सांगितलंत. मी पुन्हा सांगितलं.