बलभीम मामांचा डावा कान

बलभीम मामा बोलायला लागले की लांबून कुणालाही वाटायचं, भांडण चाललंय. जवळ गेलं की कळायचं, चहात साखर कमी पडलीय एवढंच सांगतायत. आमच्या सोयाबीनच्या तेल कारखान्यात ते सगळ्यांत जुने फिटर. मूळचे तेर गावचे. एकविसाव्या वर्षी पोती उचलायला म्हणून आले आणि मशिनीपाशी राहिले, त्याला पस्तीस वर्षं झाली. शाळा सातवीपर्यंत, तीही पूर्ण न्हाय. कागदावर त्यांच्याकडं काहीच नव्हतं. जे होतं ते त्यांच्या हातातल्या सळईत होतं.

ती तीन फुटी लोखंडी सळई, एका टोकाला लाकडी मूठ. चालू मोटरीच्या बेअरिंगवर एक टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि उभं राहायचं. मग मामा सांगायचे, "हिचं पोट दुखतंय. आज न्हाय, उद्या न्हाय, बेस्तरवारी बसंल." आणि उघडली न्हाय तर ती गुरुवारी बसायचीच. बसायची म्हणजे बंद पडायची. म्हणून मामा तिला बुधवारीच उघडायला लावायचे.

मी तामलवाडीची. आयटीआय करून गेल्या वर्षी इथं मेंटेनन्सला अ‍ॅप्रेंटिस लागले. आमच्या खात्याचे मुख्य योगीराज साहेब. त्यांनी पहिल्याच दिवशी मला आणि माझ्याबरोबरच अ‍ॅप्रेंटिस लागलेल्या उत्कर्षला मामांच्या ताब्यात दिलं. मामांनी दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला विचारलं, "वेणी बांधती का कापती? पट्ट्यात गेली तर पट्टा काय विचारायचा न्हाय." मी वेणी टोपीत कोंबली. तिथून शिकवणी सुरू.

"काय म्हणतीय मोटर, सांग."

"मामा, घरघर येतीय."

"घरघर मांजराचीबी येती. कुठं येतीय, कवा येतीय, थांबून थांबून का सारखी, ते सांग."

मला नाही सांगता यायचं. पण मला दुसरं काहीतरी यायचं. एखाद्याचा आवाज दोन दिवसांत माझ्या घशात येऊन बसतो. योगीराज साहेब प्रत्येक वाक्याच्या आधी "बेसिकली" लावतात आणि मग खोकतात. घाण्यावरचे शरणबसप्पा अक्कलकोटकडचे. मशीन थांबलं की ते कानडी मिसळून म्हणतात, "अर्पिता अक्का, मशीन निंतं की हो, मी काय करू सांगा." जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळं करायचे आणि पोरं डबा बाजूला ठेवून हसायची.

मामांची नक्कल मला सगळ्यांत छान जमायची, कारण मी त्यांच्याकडं सगळ्यांत जास्त बघितलं होतं. बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. सळई ते आधी डाव्या कानाला लावायचे, मग मान जराशी हलवून उजव्याला. आणि मग, कुणी बघत नसलं तर, सरळ जबड्याच्या हाडाला. डाव्या बाजूनं हाक मारली तर वळायचे न्हाईत. खांद्याला हात लावला की दचकून म्हणायचे, "हां, बरोबर हाय." विचारलेलं काहीही असो.

आमच्या प्लँटमध्ये हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. तिथं सगळेच ओरडतात आणि सगळेच समोरच्याच्या ओठांकडं बघतात. दरवर्षी तपासणीचा डॉक्टर येतो, "ऐकू येतं ना?" विचारतो. मामा त्याच्या तोंडाकडं बघून म्हणायचे, "येतंय की." झाली तपासणी.

मला कळलं तेव्हा मी काय केलं, ते लिहायलाच पाहिजे. मी कुणाला सांगितलं न्हाय. मी मामांच्या डाव्या बाजूला उभी राहून त्यांच्याच आवाजात बोलायला लागले. "हिचं पोट दुखतंय, उत्कर्ष, वव्याची पूड आण." मामा मोटरीवर वाकलेले, मी त्यांच्यापासून हातभर लांब, आणि उत्कर्ष तोंडात रुमाल कोंबून हसतोय. मामा वर बघायचे आणि म्हणायचे, "हसा, हसा. शिकताना हसलं की ध्यानात राहतं." असं पाच-सहा महिने चाललं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी मशिनींना सुट्टी असते. आदल्या दिवशीच सगळं धुऊन-पुसून घ्यायचं, सकाळी मोटरींना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, आणि नट आवळायचे पाने, हातोडे, सळई, सगळं एका सतरंजीवर मांडून पूजा. वर्षातला तो एकच दिवस, जेव्हा कारखान्यात एकही यंत्र चालू नसतं आणि माणसाचा साधा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत जातो.

प्रसाद झाला आणि योगीराज साहेब म्हणाले, "अर्पिता, बेसिकली तू नकला करतेस म्हणे. कर की. माझीसुद्धा कर."

मी साहेबांची केली. शरणबसप्पांची केली. लोक हसत होते, आणि हसणारी माणसं समोर असली की माझं काही खरं नसतं. मी सतरंजीवरची सळई उचलली. डाव्या कानाला लावली, मान हलवली. उजव्याला लावली. मग जबड्याला लावून डोळे मिटले. उत्कर्ष मागून ओरडला, "मामा, ओ मामा." मी हललेच न्हाय. त्यानं तीन हाका मारल्या, मग खांद्यावर हात ठेवला, आणि मी दचकून मामांच्या आवाजात म्हणाले, "हां, बरोबर हाय."

सगळा कारखाना हसला. शरणबसप्पा तर खाली बसले. सगळ्यांच्या मागं उभे असलेले मामाही हसत होते, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

साहेब हसता हसता थांबले. सावकाश चालत मामांच्या डाव्या बाजूला गेले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "बलभीम, जरा इकडं बघा." मामा हसतच होते. साहेब परत म्हणाले, "बलभीम." आता बाकीचे गप्प झाले. एवढ्या शांततेत मामांचं एकट्याचं हसणं तेवढं राहिलं, आणि मग आमची तोंडं बघून तेही थांबलं.

चार दिवसांनी त्यांना सोलापूरला नेऊन कान तपासले. डावा पूर्ण गेलेला, उजवा अर्धा. आग लागली किंवा कुणी यंत्रात अडकलं तर जो भोंगा होतो, तो त्यांना ऐकू जात नव्हता. मशिनीपाशी काम बंद. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, तेवढी फाटकाशेजारच्या सामानाच्या खोलीत काढायची. कोण पाना घेऊन गेलं, कुणी आणून दिला, वहीत लिहायचं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "बेसिकली, तुझ्यामुळं एक मोठा अपघात टळला. आम्हाला इतक्या वर्षांत दिसलं न्हाय ते तू बघितलंस." आणि खोकले. मी "थँक्यू सर" म्हणाले. साहेब खरंच बोलत होते, हेच तर वाईट. मी अपघात टाळायला काहीच केलं नव्हतं. मला तर फक्त उत्कर्षला हसवायचं होतं.

आठ दिवस मी त्या खोलीकडं गेले न्हाय. सामान आणायला उत्कर्षला पाठवायचे. नवव्या दिवशी तो सुट्टीवर होता, मग गेले. मामा स्टुलावर बसले होते. पाने लहान-मोठे असे भिंतीला टांगलेले. मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि जवळजवळ ओरडून म्हणाले, "मामा, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"खंडेनवमीला. मी तुमची नक्कल केली."

"ती व्हय." ते माझ्या तोंडाकडं बघत होते. "पोरी, तू काय केलं ते मला काय समजलंच न्हाय बघ. म्या मागं हुतो. सगळी हसत हुती म्हणून म्याबी हसलो." मग म्हणाले, "आता दाखीव."

मी नको म्हणाले. ते म्हणाले, "साऱ्या कारखान्याला दाखीवलं, मला न्हाय व्हय?"

मी दाखवली. सळई कोपऱ्यातच होती. डावा कान, उजवा कान, जबडा. हाका नाही केल्या, पण दचकणं केलं. मामा हसले न्हाईत, रागावलेही न्हाईत. एखादा जोडलेला भाग तपासावा तसं बघत राहिले.

"मूठ लई खाली धरलीस," ते म्हणाले. "हितं, कानाच्या फुडं जे हाड हाय, त्याच्यावर. आन दात मिटून घ्यायचे. दात उघडे असले तर आवाज तोंडातून पळून जातो."

खोलीत हत्यारांना धार लावायचं यंत्र होतं. मामांनी ते चालू केलं आणि सळई माझ्या हाडावर नीट बसवून दिली. मी दात मिटले. आतापर्यंत जी नुसती घरघर होती, ती फुटून वेगळी झाली. फिरण्याचा एक आवाज, आणि त्याच्या आत, प्रत्येक फेऱ्याला एकदा, खडा अडकल्यासारखं टक्.

"टक् होतंय मामा. फेऱ्याला एकदा. उजव्या अंगाला."

मामांनी सळई स्वतःच्या जबड्याला लावली. बराच वेळ लावून ठेवली. "व्हय," ते म्हणाले. "हाडाला कळतं अजून."

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत मी तिथं जायचे. आज कुठली मोटर काय म्हणाली ते सांगायचे, ते विचारायचे, मी सळई घेऊन परत जायचे आणि ऐकून यायचे. नकला बंद झाल्या. उत्कर्ष म्हणाला, "तू मजेची राहिली न्हाईस."

सोयाबीन यायला लागलं, हंगाम जोरात चालू झाला. दिवाळी झाल्यावरच्या आठवड्यात माल वर नेणाऱ्या मोठ्या पट्ट्याच्या मोटरीत मला ते टक् सापडलं. योगीराज साहेबांनी कंपन मोजायचं यंत्र लावलं, त्यात सगळं हिरवं दिसलं. बाहेर ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेलेली. साहेब म्हणाले, "बेसिकली, तुझ्या सांगण्यावरून पट्टा बंद ठेवू?" मी म्हणाले, "ठेवा सर. परवा बसंल."

उघडलं. बेअरिंगच्या आत एका गोळीचा टवका उडालेला होता, नखाएवढा. आणखी दोन दिवस चालली असती तर पट्टाच तुटला असता. शरणबसप्पांनी ते बेअरिंग हातात घेऊन सगळ्यांना दाखवलं. साहेबांनी विचारलं, "कुणी शिकवलं हे?" मी मामांचं नाव सांगितलं. साहेब "हं" म्हणाले आणि पट्टा चालू करायला सांगून निघून गेले.

मी ते जुनं बेअरिंग फडक्यात गुंडाळून धावत सामानाच्या खोलीत आले. मामांच्या हातावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, गोळी अंगठ्यानं फिरवली, टवक्यावर नख ठेवलं.

"कुणी उघडलं?"

"मी आणि उत्कर्षनं."

"साहेब हुते?"

"होते."

"बराबर." त्यांनी बेअरिंग परत फडक्यात ठेवलं, घडी घातली, माझ्याकडं दिलं आणि वही पुढं ओढली. पेन शोधता शोधता ते स्वतःशी पुटपुटले. त्यांना वाटलं असणार, मनातल्या मनात बोलतोय. पण स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत न्हाय, आणि खोलीत तेव्हा काहीच चालू नव्हतं.

"तिथं हुबं तरी राहाय मिळाय पायजे हुतं," ते म्हणाले.

मग मान वर करून मला विचारलं, "काय म्हणली?"

"काही न्हाय मामा," मी म्हणाले, आणि वहीत कुठं सही करायची ते बघायला लागले.