वैजनाथअण्णांचा चहा

प्रवासाला माणूस कामासाठी निघतो आणि परत येतो ते किस्से घेऊन! निजामाच्या राज्यात आम्ही तिघं खटकचिंचोळीच्या शाळेत मास्तर होतो. दर उन्हाळ्यात परीक्षेचे पेपर तपासायला गुलबर्ग्याला जायचो. त्या पेपरांतलं एक अक्षर आठवत नाही. मोटारअड्ड्यासमोरच्या इराण्याच्या हॉटेलातलं मात्र सगळं आठवतं, नको तेसुद्धा.

पहिल्या खेपेला इराण्याने टेबलावर बिस्किटांची भरलेली बशी ठेवली. तिथली रीत अशी, की हवं तेवढं खावं, उरलेलं तो परत नेतो. हे गुंडप्पा मास्तरांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी बशी साफ केली. इराण्याने दुसरी आणून ठेवली. तीही संपवून ते काकुळतीने माझ्या कानात म्हणाले, "ह्यो थांबंना की हो! पाहुणचाराला न्हाई कसं म्हणावं?"

एकदा मोटारीचा हॉर्न वाजला आणि गुंडप्पा कपासकट धावले! तो कप वर्षभर शाळेत खडू ठेवायला वापरला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तो घासूनपुसून, मान खाली घालून गल्ल्यावर ठेवला. इराण्याने कपाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

"मास्टरसाब, भोत आहिस्ता पीते आप!"

आमच्यातले तिसरे वैजनाथअण्णा. ते हॉटेलाची पायरी चढत नसत. परक्याच्या हातचं पाणी प्यालं तरी त्यांची भावकी पंगतीतून उठवायची, असे ते दिवस. त्यात घरी लग्नाची मुलगी, गोदा. आम्ही आत असेपर्यंत अण्णा बाहेर कडुलिंबाखाली गाठोडी सांभाळत घरची दशमी खात.

"अण्णा, वास तरी घ्या!" मी चिडवायचो.

"वासाला प्रायश्चित्त हाय का, ते आदी भटजीला इचारतो!"

एका वर्षी मुक्कामावर पोचलो आणि हॉटेलात विसरलेली छत्री आठवली. अण्णा देवळात जातो म्हणून मागे राहिले होते. मी परत गेलो, तर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून अण्णा बशीतून चहा ओढत होते!

"कामून आलाव, मास्तर?" त्यांनी बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "दर साली येतो. लई ग्वाड करतो हो ह्यो. गावात बोलू नका. गोदाचं व्हायचंय अजून."

"गळ्याशपथ, अण्णा!"

दोन वर्षं शपथ टिकली. मग ठाणाकुशनूरचे पाहुणे गोदाला बघायला आले. मुलगी पसंत पडली. अण्णांनी मला मुद्दाम बोलावलं होतं, "तुमी असलं की बैठक हासती." मी गुंडप्पांच्या कपाचा किस्सा सांगितला. पाहुण्यांनी पोट धरलं. "अजून एक, मास्तर!" मी रंगात आलो होतो आणि अण्णांच्या चहाचंही बोलून गेलो!

सगळ्यांत मोठ्याने मुलाचा बापच हसला. मग त्याने हातातली सुपारी तबकात परत ठेवली आणि चपला घातल्या. गोदा आतल्या दारात उभी होती. जीभ आवरली असती तर! ही हळहळ काही केल्या जात नाही.

पुढच्या वैशाखात गोदाला एका बिजवराला दिली. पंधरा दिवसांनी आम्ही गुलबर्ग्याला गेलो. अण्णा लिंबाखाली बसले नाहीत. आमच्या आधी पायरी चढून रस्त्याकडच्या टेबलाशी बसले आणि मोठ्याने तीन चहा मागवले. माझा तसाच निवला. अण्णांनी त्यांचा शेवटच्या घोटापर्यंत घेतला.

"ग्वाड हाय, मास्तर," ते म्हणाले. "सांगा आता गावात."