‘जाऊन राहिली’ म्हणजे काय

"तुमीच काय त्या म्याडम? माया नवऱ्याले मले सोडाले शिकवून राहिल्या, त्या?"

दार न वाजवता बाई आत आल्या होत्या. पस्तिशीच्या असतील. हातातली रेक्झिनची बॅग त्यांनी थेट माझ्या टेबलावर ठेवली. मी डबा खात होते. भेंडीवर झाकण ठेवलं आणि नाव विचारलं.

"निर्मला." मग आडनाव आणि गाव सांगितलं. नवेगाव बांधच्या अलीकडचं एक खेडं.

म्हणजे ही टेकचंदची बायको. (दोघांचीही नावं मी बदलली आहेत.) पण माझ्या फाइलप्रमाणे तर ही बाई दिवाळीपासून सालेकशाला माहेरी राहत होती. मग नवऱ्याला सोडायला शिकवण्याचा प्रश्न येतोच कुठे? सोडून तर हीच गेली होती.

आता थोडं मागचं सांगते. मी पुण्याची. मानसशास्त्र तिथेच शिकले आणि गोंदियाच्या एका खासगी मानसोपचार क्लिनिकमध्ये समुपदेशक म्हणून रुजू झाले, त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. टेकचंद गोंदियाच्या राइस मिलमध्ये मेकॅनिक, गावाहून ये-जा करणारे. छातीत धडधड होते म्हणून त्यांनी ईसीजी काढला. तो चांगला निघाला, म्हणून त्या डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलं. पहिलं सेशन मी जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं.

"काय त्रास आहे?"

"बायको माहेरी जाऊन राहिली."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि मुलगी?"

"तेही जाऊन राहिली संगं."

"मग जेवणाचं काय करता?"

"मिलमधीच खातो."

मी लिहिलं: ‘पत्नी व मुलगी दिवाळीपासून विभक्त.’ त्याखाली दोन वेळा रेघ मारली. माणूस मोजकं बोलणारा, आणि मला वाटलं, आपल्याला सगळं कळलं.

शनिवारी आमच्याकडे केस डिस्कशन असतं. तिघं असतो. आमचे डॉक्टर, मी आणि चिचगडच्या कुंदाताई. त्या सोशल वर्कर आहेत आणि क्लिनिकमध्ये सगळ्यात जुन्या. मी फाइल वाचून दाखवली.

डॉक्टर गोंदियातच वाढलेले, त्यामुळे हिंदी मध्येच येते. म्हणाले, "म्याडम, बचपन में जाइये. बायको गेली तर दुःख होतंच. पण इतकी धडधड? ये पुराना माल है."

ही एक पद्धत. आजचं दुखणं लहानपणी कुठेतरी सुरू झालेलं असतं आणि ते आपल्याला आठवतही नसतं, असं हे लोक मानतात. मग हळूहळू मागे जायचं. वेळ लागतो.

मी सीबीटीवाली. माझी पद्धत सांगते की माणसाला त्रास घटनेने कमी आणि त्या घटनेबद्दलच्या विचाराने जास्त होतो. ‘ती गेली, म्हणजे मी कुचकामाचा’ हा विचार पकडायचा, वहीत लिहायचा आणि तपासायचा. तो खरा निघाला नाही तर सोडायचा. जे बदलता येत नाही ते मान्य करायचं. दहा-बारा सेशनमध्ये फरक दिसतो. मला तेव्हा या पद्धतीचा भारी गर्व होता.

कुंदाताई चहा ओतत म्हणाल्या, "दोघायले संगं बसवा न."

ही तिसरी पद्धत, जोडप्यांची. यात पेशंट नवरा नसतो आणि बायकोही नसते. दोघांच्या मधे जे चालतं, ते पेशंट. हा गप्प बसतो म्हणून ती चिडते, ती चिडते म्हणून हा आणखी गप्प बसतो. चूक कोणाची हे शोधायचं नाही, हे चक्र थांबवायचं.

"ताई, बायको सालेकशाला आहे. कशी बसवू?"

"मंग फोन करा."

"ते म्हणतात, बोलून फायदा नाही."

कुंदाताईंनी खांदे उडवले. "धानाच्या बांधीतून पानी जाऊन राहिलं. एक म्हनते भोक कधीचं आहे ते पाहा, एक म्हनते बुजवा. बाजूच्या बांधीत तं पाहा कोनी." आम्ही हसलो आणि माझंच ठरलं, कारण केस माझी होती.

पुढच्या दोन सेशनला टेकचंद वही घेऊन वेळेवर आले. त्यानंतरच्या सेशनला मी ‘स्वीकार’ या भागावर पोचले. म्हटलं, "त्या गेल्या, हे सत्य आहे. रोज सकाळी स्वतःला सांगायचं, हे मी मान्य करतो."

त्यांनी वहीतून मान वर केली. "म्हंजे थांबवाचं नाई?"

"थांबवायची वेळ गेली, टेकचंदजी."

त्यांनी मान डोलावली आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. एवढा आज्ञाधारक पेशंट मिळाला म्हणून मी त्या दिवशी खूश होते.

आता पुन्हा त्या बॅगेकडे येते.

"निर्मलाताई," मी म्हटलं, "त्यांच्याशी झालेलं बोलणं मी तुम्हाला सांगू शकत नाही. तो नियम आहे."

"नोका सांगू. आयका." त्या खुर्चीवर बसल्या. "काल मी बॅग भरली. माया भाऊ रविवारी न्यायले येऊन राहिला. म्हटलं, आतातरी हे काई बोलतीन. तं मले म्हनतेत, म्याडमनं सांगतलं, मान्य करा. वही दाखवली मले. अक्षर तं याहीचंच आहे."

मी फाइल उघडून पुन्हा पाहिली. तरी विचारलं, "पण तुम्ही तर दिवाळीपासून सालेकशालाच राहता ना?"

"मी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू उपचाराची गरज मलाच होती. "मी कायले राहू सालेकसाले? मी घरीच हाव. दिवाळीपासून म्हनून राहिली, मी जाऊन राहिली, मी जाऊन राहिली. एकडाव तं ‘नोको जाऊ’ म्हना. तं तोंडातून शब्द नाई. उठून मिलमधी चालले जातेत. जेवाचं, तेही तिकडंच."

पाणी घेऊन आलेल्या कुंदाताई दारातच थांबल्या होत्या. आधी त्यांना हसू आलं, मग माझा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. "म्याडम, टेकचंदभाऊ काय म्हनले होते? त्याहीच्या शब्दात सांगा."

मी नुसतं एवढंच म्हटलं, "जाऊन राहिली."

"अहो, आमच्याकडं जाऊन राहिली म्हंजे जात आहे. गेली नाई अजून."

दोन महिने मी बाजारात ‘काय करून राहिले’, ‘जेवून राहिलो’ ऐकत होते. ते मला कळायचं, कारण जेवून कोणी कुठे राहत नाही. माहेरी जाऊन मात्र बायका राहतात. तिथे माझी पुण्याची मराठी आडवी आली. ज्या माणसाला बायकोला थांबवायचं होतं, त्याला मी तीन आठवडे बसून ‘ती गेली’ हे पाठ करायला लावलं होतं. शिक्षणाचा एवढा गाजावाजा करून मी एका वाक्यावर आपटले होते. मला लाज वाटली आणि रविवारची भीतीही वाटली, कारण तो शुक्रवार होता.

मी मिलमध्ये फोन लावला. मागे मशीनचा खडखडाट.

"टेकचंदजी, निर्मलाताई क्लिनिकमध्ये आल्यात. तुम्ही हो म्हणालात तरच एकत्र बसू. याल?"

त्यांनी ओरडून मशीन बंद करायला लावलं. मग म्हणाले, "थांबून राहिली काय?"

या वेळी मला कळलं. "हो. थांबून राहिल्यात."

वीस मिनिटांत ते आले, कपड्यांवर कोंडा तसाच. मी आधी त्यांची माफी मागितली. म्हटलं, तुमचं बोलणं मी चुकीचं ऐकलं, चूक सर्वस्वी माझी. ते म्हणाले, "मले वाटलं, शिकलेले लोक असंच सांगत असतीन." याच्यापेक्षा त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोघं बसले, पण एकमेकांकडे बघेनात. घरी ते मुलीच्या मार्फत बोलायचे. ‘तुया बाबाले सांग’, ‘तुया मायले पूस’. मुलगी इथे नव्हती, म्हणून त्यांनी मला धरलं.

"म्याडम, याहीले सांगा..." निर्मलाताईंनी सुरुवात केली.

"मी पोस्टमन नाही," मी म्हटलं. "तुम्ही त्यांना सांगा. आणि टेकचंदजी, तुम्ही ऐकलेलं तसंच परत म्हणून दाखवा. उत्तर द्यायचं नाही." ही जोडप्यांच्या पद्धतीतली साधी युक्ती आहे. परत म्हणायचं असेल तर आधी ऐकावं लागतं. निदान मला तरी ती त्या दिवशी पटली.

निर्मलाताई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मी जाऊन राहिली म्हनतो तं तुमी मले थांबवाले पायजे."

"तू जाऊन राहिली म्हनते तं..." ते अडखळले. "मी थांबवाले पायजे." आणि मग न विचारताच बोलायला लागले. सहा वर्षांचे असताना त्यांची आई अशीच माहेरी निघाली होती. वडील ओट्यावर उभे होते, काही बोलले नाहीत. आई वर्षभराने परतली. "बाबानं थांबवलं नाई. मले वाटलं, थांबवाचं नसते. आन् मायासारख्याजवळ कोन थांबंल?"

म्हणजे डॉक्टरांचं लहानपण बरोबर निघालं. माझा तो ‘कुचकामाचा’ विचारही बरोबर निघाला. पण ते बाहेर आलं कुंदाताईंनी सुचवलेल्या दोन खुर्च्यांमुळे.

"हे त्यांचं वाक्य झालं," मी म्हटलं. "आता तुमचं."

 टेकचंद पँटवरचा कोंडा झटकत राहिले. मग म्हणाले, "नोको जाऊ."

निर्मलाताईंनी पदर तोंडाला लावला आणि रडता रडताच त्यांना झापलं. "एवढे दोन शब्द बोलाले दिवाळीपासून वेळ लागला तुमाले?"

रविवारी भाऊ आला, जेवला आणि रिकाम्या हाताने परत गेला. पुढे काही महिने दोघं दर आठवड्याला एकत्र येत होते, आता महिन्यातून एकदा येतात. मधूनमधून टेकचंद एकटेही यायचे, वहीचं काम तेव्हा व्हायचं. भांडणं थांबली नाहीत. पण आता ती मुलीशिवाय होतात, आणि आमच्या धंद्यात याला प्रगती म्हणतात. धडधडही पुष्कळ कमी झाली.

डॉक्टर म्हणाले, "म्याडम, अपने तीनों सही थे. सिर्फ पेशेंट का सेंटेंस गलत था."

"सेंटेंस बरोबर होतं, सर. कान चुकीचा होता."

तेव्हापासून माझ्या फॉर्मवर ‘थेरपीचा प्रकार’ या रकान्याच्या आधी आणखी एक रकाना आहे: ‘पेशंट काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत.’ तो कुंदाताई वाचतात, मगच मी रेघ मारते. कुठली पद्धत चांगली यावर तासभर वाद घालता येतो, आम्ही अजूनही घालतो. पण पेशंटला तो काय म्हणाला हे पुन्हा विचारायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते मी विचारलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात टेकचंदचा फोन आला. "म्याडम, उद्या येनं होनार नाई. आमी दोघं सालेकसाले जाऊन राहिलो."

मी पेन वर धरून विचारलं, "म्हणजे निघालात, की मुक्काम?"

मागून निर्मलाताईंचा आवाज आला, "सांगा त्यायले, सोमवारी वापस येऊन राहिलो."

मी फाइलमध्ये लिहिलं: ‘सोमवारी परत येणार.’ कुंदाताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बराबर आहे."